रिवाज कुणी लिहायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, माझं बालपण ज्या गावात गेलं त्या गावाला जुना इतिहास नाही. भातसानगर. शहापूर तालुक्यात भातसा नदीवर मोठं धरण बांधायचं ठरलं आणि इंजिनियर, ओव्हरसियर, कारकून, फिटर, ड्रायव्हर अशा सगळ्यांसाठी सरकारनं क्वार्टर्स उभी केली. त्या वसाहतीचं हे नाव. माझे वडील प्रकल्पावर कारकून होते. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, आम्ही नगर जिल्ह्यातून इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तिकडे पाऊस नाही म्हणून माणसं खडी फोडत होती आणि इथला पाऊस पाहून आई पहिले दोन महिने नुसती घाबरून बसली होती.

धरण १९८३च्या सुमाराला पुरं झालं. आज मुंबईला जे पाणी मिळतं त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं असतं. नदीतून ते पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईकरांच्या नळाला येतं. या पाण्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मी आज बोलणार आहे ते या पाण्याच्या आधीपासून इथल्या डोंगरात राहणाऱ्या ठाकरांबद्दल. आणि खरं सांगायचं तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आमच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी एक ठाकरीण येई. उन्हाळ्यात करवंदं आणि मोळी, पहिला पाऊस पडला की शेवळं, मग टाकळा, कुर्डू, कवळा, करटुली. गळ्यात मण्यांच्या माळा, आखूड नेसलेलं लुगडं. तिनंच आईला सांगितलं की शेवळांत काकडं घातल्याशिवाय ती शिजवायची नाहीत, नाहीतर घसा खाजतो. आईनं एकदा ऐकलं नाही आणि आम्ही सगळे रात्रभर घसा धरून बसलो. दुसऱ्या दिवशी ती बाई हसून हसून दमली. कॉलनीतल्या आम्हा मुलांना ठाकर म्हणजे एवढंच माहीत होतं. मग १९७७ साली 'जैत रे जैत' चित्रपट आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. तो पाहिल्यावर उभ्या महाराष्ट्राला वाटलं की आपल्याला ठाकर कळले. मलाही तसंच वाटलं. वाडीवरचा प्रत्येक ढोल वाजवणारा मला त्यातला नाग्या वाटायचा.

शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरांत ठाकर एकटे नाहीत. वारली आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत. प्रत्येकाची वाडी वेगळी, बोलीचा हेल वेगळा. ठाकरांच्यातही क ठाकूर आणि म ठाकूर अशा दोन शाखा आहेत आणि जुन्या काळी त्यांच्यात सोयरीक होत नसे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ही जमात साडेपाच लाखांहून जास्त भरली. नाव मात्र घोटाळ्याचं आहे. 'ठाकूर' हा शब्द उत्तरेत जमीनदाराचा, बंगालात रवींद्रनाथांचा, आपल्याकडे इतर कित्येकांचं आडनाव. आणि सह्याद्रीच्या कड्याखाली वरई पिकवणाऱ्या माणसाचीही ती जात. पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

मी पुढे तालुक्यातल्याच एका हायस्कुलात इतिहासाचा शिक्षक झालो. २००७ सालची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, ठाकरवाडीवरचा, बारावी सायन्स झाला. वाडीतला पहिलाच. डिप्लोमाला नंबर लागण्याजोगे मार्क होते. जातीचा दाखला होता. पण दाखला पुरत नाही, त्याची वैधता लागते. एक दिवस तो एक छापील प्रश्नावली घेऊन माझ्याकडे आला. कुलदैवत कोणतं? लग्न कसं लागतं, कोण लावतं? देज देता का? मयताला पुरता की जाळता? सण कोणते, नाच कोणते, बोली कोणती? प्रत्येक प्रश्नापुढे दोन-तीन ओळींची रिकामी जागा.

"सर, ह्याचं काय लिहायचं?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "तू ठाकर ना? मग तुझ्या घरी विचार."

"विचारलं. बाबा म्हणतात, यातलं एकपण धड विचारलेलं नाही."

आता ही प्रश्नावली आली कुठून, ते जरा मागे जाऊन सांगायला हवं.

ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८२ साली छापलं गेलं. जेम्स कॅम्पबेल त्याचे संपादक. त्यात लोकवस्तीच्या प्रकरणात जातीजमातींची जंत्री आहे. हे लोक दिसतात कसे, राहतात कुठे, खातात काय, देव कोणते, लग्न कसं, मर्तिक कसं. पुढे एन्थोव्हेन साहेबांनी मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींचे तीन खंड काढले, १९२० ते १९२२ या काळात. साचा तोच. प्रत्येक जमातीला त्याच त्या प्रश्नांच्या चौकटीत बसवायचं. मग १९६० साली ल. ना. चापेकरांचं 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' हे इंग्रजी पुस्तक आलं आणि ठाकरांना स्वतःचं असं एक सबंध पुस्तक मिळालं. हे सगळे ग्रंथ टाकाऊ आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. गॅझेटियर नसतं तर ठाण्याच्या इतिहासाचं निम्मं साहित्य आपल्या हाती नसतं. पण एक लक्षात घ्या. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं त्यांच्यापैकी कुणी ते वाचलेलं नव्हतं.

आता कायद्याकडे. राज्यघटनेखालच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर जमात आली, पण १९५६च्या यादीत तिला तालुक्यांचं कुंपण होतं. अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतले ठरावीक तालुके. ठाणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत मुरबाडचं नाव होतं. म्हणजे मुरबाडचा ठाकर जमातीत आणि कुंपणापलीकडे घर असलेला त्याचा भाऊबंद मात्र बाहेर, असा प्रकार. संसदेनं १९७६ साली कायदा करून हे कुंपण काढलं. ते बरोबरच झालं. पण कुंपण निघाल्यावर नावाचं साम्य असलेलेही आत शिरू लागले. आडनाव ठाकूर, काढला दाखला. महादेव कोळी आणि हलबा या नावांच्या बाबतीतही असेच वाद झाले. यात खोटे किती आणि खरे किती, ते ठरवणं सोपं नव्हतं. पण खोटे होते, हे कुणीही नाकारत नाही. वसतिगृहातली जागा, मेडिकलची सीट, सरकारी नोकरी अशा गोष्टी जेव्हा बनावट दाखल्यावर जातात, तेव्हा नुकसान होतं ते वाडीवरच्या पोराचं. म्हणून चाळणी लावा ही मागणी खुद्द आदिवासींचीच होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची हकीकत ऐकून कुणाला वाटेल की चाळणीच नको.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील खटल्याचा निकाल दिला. वाद महादेव कोळी असल्याच्या दाव्याचा होता. न्यायालयानं सांगितलं की दाव्यांची छाननी करायला समिती हवी, तिच्या हाताशी दक्षता पथक हवं आणि पथकानं घरी जाऊन जमातीची वैशिष्ट्यं, देव, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, अंत्यविधी यांची चौकशी करावी. राज्यानं त्यावर कायदा केला आणि तो २००१ पासून अमलात आला. कोर्टकचेरीच्या भाषेत या चौकशीला अॅफिनिटी टेस्ट म्हणतात, म्हणजे जमातीशी तुमचं नातं जुळतं का ते पाहणं. हेतू चांगला. पण परीक्षा म्हटली की उत्तरपत्रिका आली, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला कुठलंतरी पुस्तकही आलं.

माझ्या विद्यार्थ्याच्या हातातला कागद तो हा.

आता माझी चूक. मी ग्रंथालयातून गॅझेटियर आणि इतर पुस्तकं मिळवली. त्यातली ठाकरांची माहिती मराठीत उतरवून चार फुलस्केप पानं तयार केली आणि मुलाला दिली. म्हटलं, हे पाठ कर. इतिहासाच्या पेपरला करतोस ना, तसंच. मला वाटलं, मी त्याला मोठी मदत करतो आहे.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो आणि ती पानं त्याच्या वडिलांना वाचून दाखवली. ते तेव्हा साठीच्या घरात होते, मुलगा शेंडेफळ. उंबऱ्यावर बसून, बिडी विझवून, त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मी थांबल्यावर म्हणाले, "गुर्जी, लिवलंय बरं. पन ह्ये कुठलं ठाकर?"

मी म्हटलं, "बाबा, तुमचेच. सह्याद्रीतले."

"आसंल. आमच्या आज्याच्या वक्ताचं आसंल."

मग मी एकेक प्रश्न त्यांनाच विचारायला लागलो, आणि माझ्या चार पानांची लाज वाटायला लागली.

घराचं घ्या. पुस्तकी उत्तर असं की घर कुडाचं, कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर माती-शेण लिंपलेलं. यांचं घर अर्धं कुडाचं आणि अर्धं विटांचं, वर पत्रे. म्हणजे अर्धे ठाकर? त्यांनी सांगितलं की विटांचा भाग घरकुलाच्या पैशातून झाला आणि पैसे तेवढ्यावरच संपले. पण झोपायला मात्र सगळे कुडाच्या भागात. उन्हाळ्यात गार, आणि पडलं तरी अंगावर फार काही पडत नाही. यावरून मला १९८३चा सप्टेंबर आठवला. धरणात पाणी साठल्यावर खर्डीच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले होते आणि १५ सप्टेंबरचा धक्का तर पाच रिश्टरच्या जवळपास होता. आम्ही कॉलनीवाले कित्येक रात्री अंगणात खाटा टाकून जागे होतो. सिमेंटच्या घराची आम्हाला भीती वाटत होती. वाडीवरची माणसं आपापल्या कुडात निवांत झोपली होती. गॅझेटियरमध्ये कुडाचं घर हे मागासलेपणाच्या खुणेसारखं वाचायला मिळतं. आमच्या ओव्हरसियर साहेबांनी त्या महिन्यात ते वेगळ्या नजरेनं पाहिलं असणार.

शेतीचं घ्या. भाताचं रोप टाकण्याआधी उन्हाळ्यात राब भाजतात. जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, वर माती असे थर देऊन ते पेटवायचे. त्या राखेत रोप जोमानं येतं आणि तण कमी होतं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई, त्यांनाही हाच राब. यात रिवाज कुठे संपतो आणि शेतकी कुठे सुरू होते, सांगा. राबासाठी झाडाच्या फांद्या लागतात आणि १८७८चा जंगल कायदा आल्यावर फांदी तोडणं हा गुन्हा होऊ लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ साली आला. म्हणजे गॅझेटियर ठाकरांच्या चालीरीती टिपत होतं, त्याच दशकात जंगलखातं त्या चालीरीतींची मुळं कापत होतं. एका हातानं लिहायचं, दुसऱ्या हातानं खोडायचं.

देवाचं विचारलं तर म्हणाले, "किती लिवायचं? वळी तीनच हायेत." गावदेवी आहे. वाघोबा आहे, वाडीच्या शिवेवर शेंदूर लावलेला, त्यावर वाघ कोरलेला. दिवाळीच्या तोंडावर आश्विन वद्य द्वादशीला त्याची वाघबारस. आपण शहरगावात त्याच दिवशी वसुबारस करतो आणि गायवासराला ओवाळतो. डोंगरात गुराखी पोरं त्याच दिवशी वाघाला नैवेद्य देतात, आमच्या गुरांना सांभाळ म्हणून. मला नेहमी वाटतं की एकाच तिथीचे हे दोन सण शेजारी ठेवून पाहिले की घाटाखालचा सगळा समाज समजतो. शिवाय पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची जत्रा. बैलांचा बाजार, घोंगड्या, नवस. तिथे ठाकरही जातात, आगरीही, कुणबीही. मग म्हसोबा ठाकरांचा की सगळ्यांचा? "आमचा हाय," ते म्हणाले, "त्यांचाबी हाय." प्रश्नावलीत असं उत्तर लिहिता येत नाही.

लग्नाचं. देज पूर्वी घेत, आता नाही. नाच पूर्वी गौरीला रात्र रात्र चाले, बाया फेर धरून गात. आता वरातीला डीजे येतो आणि त्यावर चालू हिंदी गाणी. मुलगा मध्येच म्हणाला, "पण सर, फेर धरल्याशिवाय आजी नवरीला मांडवातून जाऊ देत नाही. डीजे बंद करायला लावते."

मयताला पुरता की जाळता, हा प्रश्न मी जरा चाचरतच विचारला. ते सहज म्हणाले, "पाऊस आसला तर पुरतो. लाकडं वाळलेली आसली तर जाळतो. बारकं पोर आसंल तर पुरतोच." मी माझ्या पानात पुस्तकातलं एक उत्तर लिहिलं होतं. इथे उत्तर तीन होती आणि तिन्ही खरी होती. रिवाज म्हणजे काही दगडावरचा लेख नव्हे. घरात वाळलेलं लाकूड किती आहे, यावरही तो ठरतो.

एवढं ऐकूनही मी त्या मुलाला माझी चार पानं टाकून दे असं सांगितलं नाही. मी विचार केला की तपासणाऱ्याच्या हातात पुस्तक असणार, तेव्हा उत्तर पुस्तकाबरहुकूम असावं. मुलानं तेच पाठ केलं. त्याच्या वडिलांनी मात्र विचारणाऱ्याला आपल्या मनचं, म्हणजे खरं सांगितलं. दोघांच्या जबाबात मेळ बसला नाही. मुलगा सांगतो देज देतात, बाप सांगतो देत नाही. मुलगा एक विधी सांगतो, बाप तीन. शेरा पडला की माहितीत विसंगती आहे. प्रकरण लांबलं आणि त्या वर्षीचा प्रवेश गेला. शेरा मारणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर पाठ केलेली उत्तरं आली होती आणि पाठ केलेल्या उत्तरांचा संशय यायलाच हवा. ती मी पाठ करायला लावली होती.

मुलानं वर्षभर एका ढाब्यावर काम केलं. मला भेटला की नमस्कार करायचा, नेहमीसारखाच. तो मला जड जायचा.

या काळात मी एक उद्योग केला. ठाकर या नावाचा माग काढत गेलो तर थेट सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीला पोहोचलो. तिथेही ठाकर आहेत, आणि ते काय करतात? चित्रकथी. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं एकामागून एक दाखवत गाऊन कथा सांगायची. कळसूत्री बाहुल्या नाचवायच्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आता पाहा, १९५६च्या त्या तालुक्यांच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्याचं नाव नव्हतं आणि सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होतं. आमच्या शहापूरच्या ठाकराला बाहुल्या नाचवता येत नाहीत. पिंगुळीच्या ठाकराला राब भाजायला सांगा. ठाकरांची संस्कृती म्हणून एकच चार पानी टिपण करायला बसलेल्या माझ्यासारख्या मास्तरानं आधी पिंगुळीला जाऊन यायला हवं होतं.

तर मुलाच्या प्रकरणाला जुना कागद हवा होता. १९५०च्या आधीचा असेल तर उत्तम. पण ठाकरवाडीवर १९५०च्या आधी शाळेत गेलेलं कोण असणार? शाळेचा दाखला नाही, जमीन दुसऱ्याच्या नावावर, म्हणून सातबाराही नाही. गंमत पाहा. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही धरला गेला. एका कायद्याला म्हाताऱ्या माणसाचा शब्द चालतो आणि दुसरीकडे त्याच म्हाताऱ्याचा शब्द विसंगत ठरतो.

मग कुणीतरी सुचवलं, कोतवाल बुक पाहा. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर आणी आणि तिची नोंद वहीत होई. गाव नमुना नंबर चौदा. त्यात नाव, बापाचं नाव, जात, मृत्यू असेल तर आजार. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत. आम्ही अर्ज केला, फी भरली, नकला मिळाल्या. मला मोडी येत नाही. इतिहासाचा शिक्षक असून येत नाही, हेही सांगून टाकतो. कल्याणच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे आम्ही तिघं गेलो. मी, मुलगा आणि त्याचे वडील.

गृहस्थ भिंग लावून एकेक ओळ वाचत गेले. १९३७ सालच्या पानावर थांबले. बापाच्या रकान्यात मुलाच्या आजोबांचं नाव, वाडीचं नाव बरोबर. जात ठाकर. मयत, मुलगी, वय दोन. आजार, ताप. मुलीचं नाव लिहिलेलं नव्हतं.

मुलाचे वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "परत वाचा." गृहस्थांनी परत वाचलं. ते १९४५च्या सुमाराला जन्मलेले. म्हणजे ही त्यांची थोरली बहीण, त्यांच्या जन्माच्या आठ वर्षं आधी गेलेली. "आईनं कदी सांगितलंच न्हाय," एवढंच ते म्हणाले.

त्या नोंदीवर आणि तिला जोडून सापडलेल्या आणखी एका नोंदीवर पुढे वैधता मिळाली. दोन वर्षं गेली, पण मिळाली. मुलानं डिप्लोमा केला. आज तो पाण्याच्या पंपांच्या देखभालीवर आहे आणि त्याच्या हाताखालून रोज जे पाणी जातं त्यात भातसाचंही असतं. त्याच्या वाडीवर उन्हाळ्यात अजून टँकर येतो, तो भाग आज सोडून देतो.

कायद्याच्या बाजूनं म्हणाल तर पुढे गोष्टी बऱ्याच सुधारल्या. २०११ साली आनंद विरुद्ध समिती या हलबी जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की स्थलांतर, आधुनिक राहणी आणि इतरांशी येणारा संपर्क यामुळे जमातींच्या चालीरीती बदलतात, म्हणून अॅफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. २०१७ साली त्याच न्यायालयानं, खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही असंही बजावलं, आणि तेही हवंच होतं. मग २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. त्या प्रकरणाचं नावच मुळी 'महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती विरुद्ध महाराष्ट्र सरकार' असं आहे. ही चाचणी प्रत्येक प्रकरणात आवश्यक नाही आणि राज्यघटनेच्या आधीच्या कागदपत्रांना जास्त वजन आहे, असं त्यात स्पष्ट केलं. निकाल वाचताना मला ते मोडी पान आठवत होतं. पुस्तकातल्या रिवाजांपेक्षा कोतवालाची एक ओळ भारी, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ज्या घरात त्या काळी कुणी मेलं नाही, किंवा मेलं आणि कोतवाल डोंगर चढून आला नाही, त्या घराचं काय, हा प्रश्न मला अजून पडतो.

त्या मोडी वाचनानंतरच्या सर्वपित्री अमावास्येला मला वाडीवर जेवायला बोलावणं होतं. त्यांच्याकडे पितरांसाठी पानं काढतात. पळसाच्या पत्रावळी ओळीनं मांडल्या होत्या. आजा, आजी, बाप, आई. भात, डाळ, भोपळ्याची भाजी, वडे. शेवटी एक लहानशी, दोन पानांची पत्रावळ होती. तिच्यावर भात थोडा आणि गुळाचा खडा मोठा. माझ्या चार फुलस्केप पानांत असा काही विधी नव्हता, आणि वडिलांच्या तीन उत्तरांतही नव्हता. मी विचारलं, "हे कुणाचं?"

"बायचं," ते म्हणाले. "नाव ठावं न्हाय, म्हणून बाय."

आणि त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.